काचेच्या पेटीतला समुद्र : एका छंदाची तपासणी

यवतमाळ जिल्ह्याचे ठिकाण नकाशावर पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. पश्चिमेकडे अरबी समुद्र आणि आग्नेयेकडे बंगालचा उपसागर, दोन्ही सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरहून दूर आहेत. समुद्रापासून इतक्या लांबच्या गावातही आज खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय उभारता येते. समुद्री क्षारांचे मिश्रण पिशवीत मिळते, दिवे आणि पंप पार्सलने येतात, आणि निळ्या उजेडात डुलणाऱ्या प्रवाळांची चित्रे पाहून विद्यार्थी शिक्षकांना विचारतात, "सर, आपल्या प्रयोगशाळेत असे करता येईल का?"

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देणे आम्हाला योग्य वाटत नाही. या छंदाला 'रीफ टँक' म्हणतात. त्याची जाहिरात बहुधा एकाच वाक्यात केली जाते : समुद्राचा एक तुकडा तुमच्या घरात. हे वाक्य विज्ञानाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे आम्ही येथे तपासणार आहोत. शिक्षकांनी आपला निर्णय त्यानंतर स्वतःच घ्यावा.

छंदाचा थोडा इतिहास

हा छंद नवा नाही. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले आणि घरी भांड्यात ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई, आणि हे कष्टाचे काम घरातली मोलकरीण करी. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये या छंदाची लाट उसळली. लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरले. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात खेद व्यक्त केला, की वडिलांच्या लेखनाने प्रेरित झालेल्या संग्राहकांनी खडकांमधली ती सुंदर डबकी ओरबाडून टाकली.

आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. विदर्भातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत समुद्रातला जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथेच. पण ते मत्स्यालय समुद्राच्या काठावर होते, आणि त्याच्या देखभालीला एक पूर्ण शासकीय खाते होते. घरातल्या दोनशे लिटरच्या पेटीला यांपैकी काहीच मिळत नाही.

समुद्र फुकट करतो ती कामे

दोनशे लिटरची पेटी उदाहरणादाखल घेऊ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे पेटीसाठी ७ किलो क्षार हवेत. यासाठी स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. त्या ३५ ग्रॅममध्ये क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास व सोडियम सुमारे ११ ग्रॅम असते. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी असतात. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने आणले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले, की खारटपणा कमीजास्त झाला तरी या प्रमुख घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच राहते. प्रवाळांना सवय आहे ती या स्थिर प्रमाणाची. समुद्र ते आपोआप राखतो. पेटीत ते आपल्याला राखावे लागते.

आता पाणी कोणते घ्यायचे? यवतमाळच्या पांढरकवडा, झरी जामणी या भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे. बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते, आणि ती पेटीत डायटम या तपकिरी शैवालाचे खाद्य ठरते. शेतीच्या खतांमुळे नायट्रेटही असू शकते. म्हणून आरओ यंत्राचे पाणी वापरावे लागते. दर आठवड्याला पेटीतले दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तर २० लिटर, आणि बाष्पीभवनाची भरपाई म्हणून रोज सरासरी ३ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे २१०० लिटर शुद्ध पाणी लागते. यंत्र एका लिटरमागे तीन लिटर पाणी बाहेर टाकत असेल, तर नळातून घ्यावे लागणारे पाणी साडेआठ हजार लिटरच्या घरात जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे तळाला गेल्यावर यवतमाळ शहराने टँकरची वाट पाहत जे दिवस काढले, ते आठवले की हा आकडा निव्वळ गणिताचा राहत नाही. बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला वापरता येते, हे खरे. पण शाळेने हा हिशेब आधी फळ्यावर मांडावा.

तिसरी गोष्ट तापमानाची. प्रवाळांना साधारण २५ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्राचे पाणी एखादाच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ पांढरे पडू लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपमध्ये असेच मोठ्या प्रमाणावर घडले. यवतमाळचा मे महिना ४२ ते ४५ अंशांचा असतो. येथे छंदी लोक पेटीवर पंखा लावतात, आणि त्यामागचे तत्त्व आपल्या घरातल्या वाळ्याच्या कूलरचेच आहे. एक लिटर पाणी बाष्प होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेते. दोनशे लिटर पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ८४० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे एक लिटर पाणी उडाले, की पेटी जवळजवळ तीन अंशांनी थंड होऊ शकते, अर्थात बाहेरची उष्णता आत येत नसेल तर. ती मात्र सतत येत असते, त्यामुळे पंखा थांबवता येत नाही. वीज गेली की पंख्याबरोबर पंपही थांबतो. २७ अंशांच्या समुद्री पाण्यात मुळात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. गोड्या पाण्यात आठ. भारनियमनाची दुपार पेटीतल्या जिवांना जड जाते ती यामुळे.

पाणी उडते, पण क्षार उडत नाहीत. रोज चार लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर २०० लिटरचे १८८ लिटर होतात आणि खारटपणा ३५ वरून ३७ च्या वर जातो. ही भरपाई गोड्या पाण्याने करायची असते, खाऱ्या नव्हे. हा छोटा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो. दिवाळीच्या सुटीत पेटी का बिघडते, याचे उत्तर त्यात आहे.

दिसत नाही ते विज्ञान

या छंदाची खरी गोडी आमच्या मते रंगात नसून रसायनात आहे. नवी पेटी भरली की लगेच मासे सोडायचे नसतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. काही सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे सूक्ष्मजीव वाळूवर आणि दगडांवर स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पेटी रिकामी दिसते, पण काम चालू असते.

येथे एक मुद्दा शिक्षकांनी आवर्जून टिपावा. नायट्राइटचे नायट्रेट करणारा जीवाणू म्हणजे 'नायट्रोबॅक्टर' असे आपण पुस्तकातून शिकवत आलो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांतील जीवाणूंचे जनुकीय परीक्षण केले गेले, तेव्हा हे काम 'नायट्रोस्पायरा' या वेगळ्या गटातले जीवाणू करताना आढळले. एका घरगुती छंदाने पाठ्यपुस्तकातले विधान दुरुस्त करायला हातभार लावला. छंदाच्या बाजूने सांगण्यासारखी ही मोठी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट चुन्याची. दगडी प्रवाळ पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. समुद्रात कॅल्शियम लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम असते आणि समुद्र अफाट असल्याने ते संपत नाही. पेटीत ते संपते. पातळी २० मिलिग्रॅमने उतरली, तर दोनशे लिटरमधून ४ ग्रॅम कॅल्शियम गेले, म्हणजेच १० ग्रॅम चुनखडीचा सांगाडा बांधला गेला. ही भरपाई करायची एक जुनी पद्धत म्हणजे चुन्याची निवळी थेंब थेंब सोडणे. संपृक्त निवळीत लिटरमागे सुमारे ०.८७ ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ४ ग्रॅमसाठी साडेचार लिटरच्या वर निवळी लागेल. ती उडालेल्या पाण्याच्या जागी घालतात. निवळीचा सामू १२ च्या पुढे असल्याने घाईने ओतली तर मासे मरतात.

चुना यवतमाळला परका नाही. वणी तालुक्यात राजूरच्या परिसरात चुनखडी आहे आणि चुनाभट्ट्याही. ही चुनखडी पैनगंगा गटाच्या खडकांतली, सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेली. तेव्हा दगडी प्रवाळ पृथ्वीवर नव्हतेच. आजच्या दगडी प्रवाळांचे पूर्वज फार तर चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे वणीची चुनखडी प्रवाळांनी बांधलेली नाही, पण ती समुद्राचीच आहे. यवतमाळच्या विद्यार्थ्याला समुद्र पाहण्यासाठी पार्सलची वाट पाहावी लागत नाही.

आमचे आक्षेप

पहिला आक्षेप रंगांबद्दल आहे. पेटीवरचे एलईडी दिवे मुद्दाम निळे ठेवतात. त्यामुळे प्रवाळातली काही प्रथिने हिरवी, केशरी चमकतात. प्रवाळाच्या ऊतीत सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याच्या प्रकाशसंश्लेषणातून प्रवाळाला बहुतांश ऊर्जा मिळते. या शैवालामुळे निरोगी प्रवाळ बहुधा तपकिरी, पिवळट किंवा हिरवट दिसतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरल्यास प्रवाळ असेच, बरेचसे मातकट दिसतात. पेटी पाहून तयार झालेला डोळा तेथे निराश होतो, आणि खरा समुद्र त्याला 'बिघडलेला' वाटतो. वास्तविक भीती तपकिरी रंगाची नव्हे, पांढऱ्या रंगाची असायला हवी.

दुसरा आक्षेप जीव कोठून येतात याबद्दल आहे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे पैदास केंद्रांत वाढवले जातात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक आजही समुद्रातून पकडले जातात. २००३ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या वतीने प्रसिद्ध झालेल्या अहवालाने जगभरच्या या व्यापाराचा अंदाज दिला होता : वर्षाला २ ते २.४ कोटी मासे आणि १.१ ते १.२ कोटी दगडी प्रवाळांचे तुकडे. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारले गेले. त्याने हवा तो मासा मिळतो, पण आसपासचे प्रवाळ मरतात. गॉस यांच्या काळातली किनाऱ्यावरची बरणी आणि ही फवारणी यांत फरक प्रमाणाचा आहे, वृत्तीचा नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. भारताने २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि अग्निप्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. आपल्या समुद्रातून जिवंत प्रवाळ काढणे किंवा त्याचा व्यापार करणे हा गुन्हा आहे, आणि शोभेसाठी विकला जाणारा मेलेला पांढरा तुकडाही त्यातून सुटत नाही. परदेशातून येणाऱ्या दगडी प्रवाळांवर आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराचे नियंत्रण आहे. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या १८ लहान वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महानगरपालिकेलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली आणि ते काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाने झाले. जे महापालिकेला कागदाशिवाय करता आले नाही, ते दुकानदार बिनधास्त करू म्हणत असेल, तर शिक्षकाने कागद मागावा.

चौथा आक्षेप सुरक्षिततेचा. गुच्छाने वाढणाऱ्या काही समुद्रफूलसदृश जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. दगड स्वच्छ करण्यासाठी ते उकळल्याने वाफेतून घरच्या माणसांना विषबाधा झाल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. खारे पाणी आणि वीज एकत्र असणे हा वेगळा धोका. चाळीस मुलांच्या वर्गात या दोन्हींची जबाबदारी कोण घेणार?

छंदाच्या बाजूने

इतके आक्षेप घेतल्यावर दुसरी बाजू मांडणे न्यायाचे आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २०१२ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात ऋतू, चंद्रकला आणि तापमान यांची पेटीत हुबेहूब नक्कल करून प्रवाळांचे प्रजनन ठरल्या वेळी घडवून आणले. अशा ज्ञानाचा उपयोग उद्ध्वस्त प्रवाळखडक पुन्हा उभारताना होतो. आपल्याकडे केंद्रीय समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाऊन माशांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून न पकडता मासे मिळू शकतात, हे त्याने सिद्ध झाले. ज्याला हा छंद करायचाच आहे त्याने पैदाशीचे मासे घ्यावेत, प्रवाळांच्या मोहात न पडता साधी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवावी, आणि रोज नोंद ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी. अशा माणसाला आम्ही नावे ठेवणार नाही. पाण्याचा सामू, खारटपणा आणि नायट्रेट यांची वर्षभराची वही ही उत्तम विज्ञान प्रकल्पाची सामग्री आहे.

मात्र 'समुद्राचा तुकडा' हे वाक्य आम्हाला मान्य नाही. समुद्राचा तुकडा स्वतःला सांभाळतो. पेटी आपण सांभाळतो, आणि तिच्यामागे कोठले तरी धरण, कोठले तरी वीज केंद्र आणि बहुधा दूरच्या एखाद्या प्रवाळखडकाची तूट उभी असते. विद्यार्थ्याला हे दाखवायचे नसेल, तर पेटी केवळ शोभेची.

शाळेत काय करता येईल?

प्रवाळ न आणता याच विज्ञानाचा मोठा भाग यवतमाळच्या कोणत्याही शाळेत करून पाहता येतो.

पहिला प्रयोग : काचेच्या बरणीत गोडे पाणी, मूठभर नदीची वाळू आणि चिमूटभर माशांचे खाद्य घाला. मासा नको. हवेचा छोटा पंप लावा आणि चाचणी-पट्ट्यांनी सहा आठवडे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजा. तीन वक्र एकामागून एक चढताना-उतरताना दिसतील. विद्यार्थ्यांनी ते आलेखावर काढावेत.

दुसरा प्रयोग : बादलीत लिटरला ३५ ग्रॅम साधे मीठ विरघळवून खारे पाणी करा, पातळीची खूण करा आणि एप्रिलमध्ये रोज किती उडते ते मोजा. एका बादलीवर पंखा लावा, दुसरीवर नको. दोन्हींचे तापमान नोंदवा.

तिसरा प्रयोग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वच्छ, निवळलेल्या चुन्याच्या निवळीत नळीने फुंका. नळी ओढू नका आणि डोळे जपा. निवळी दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेट तयार झाले. प्रवाळाचा सांगाडा याच पदार्थाचा असतो. आपण बहुधा येथेच थांबतो. थांबू नका, फुंकत राहा. दुधाळपणा जाऊन पाणी पुन्हा निवळ होते, कारण अधिक कार्बन डायऑक्साइडने ते कार्बोनेट विरघळले. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. समुद्रात प्रवाळ असे मिनिटात विरघळत नाहीत, पण सांगाडा बांधणे त्यांना महाग पडू लागते. राजूरच्या चुन्यातून समुद्राचा हा प्रश्न वर्गात आणता येतो, आणि त्यासाठी समुद्रातला एकही जीव काढावा लागत नाही.

एवढे झाल्यावर शाळेची सहल कोकणात नेता आली तर मालवणला न्यावी. तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ओहोटीला जाणत्या माणसाबरोबर, कशालाही हात न लावता, मुलांना ते मातकट प्रवाळ दाखवावेत. ज्यांनी निवळी फुंकून पाहिली आहे, त्यांना तो रंग कंटाळवाणा वाटणार नाही.